बासरी घेताय? जरा थांबा!

फर्स्ट इयरची नवी बॅच होस्टेलवर आली की महिन्याभरात दोन-तीन खोल्यांतून फूं-फूं ऐकू यायला लागतं. सेमिस्टर संपेपर्यंत तो आवाज बंद होतो आणि बासरी कपाटावर, तुटक्या रॅकेटशेजारी जाऊन पडते. का सोडलंस म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, मला सूरच नाही."

हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. माझं स्पष्ट मत आहे की बऱ्याचदा सूर माणसात असतो, विकत घेतलेल्या बासरीतच नसतो!

"आधी स्वस्तातली घेऊ, जमलं तर चांगली घेऊ," हा आपला सगळ्यांचा लाडका हिशोब. सायकलला तो चालेल. फुंकून वाजवायच्या वाद्यात मात्र तो उलटा पडतो. गिटार बेसूर असेल तर खुंट्या पिळता येतात, पण बासरीला एकदा भोकं पाडली की तिचे सूर कायमचे ठरले. थोडी चुकलेली बासरी मुरलेला वादक ओठांचा कोन आणि फुंकीचा जोर बदलून सांभाळून घेतो. नवशिक्याला हे कुठून जमणार? म्हणजे खराब बासरी वाजवायला उस्ताद लागतो आणि आपण ती देतो पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला!

दुसरं टोकही वाईटच. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी लांब बासरीला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली, आणि हरिप्रसाद चौरसियांमुळे ती घराघरांत पोचली. त्यांचे व्हिडिओ बघून आपलीही उडी थेट पांढरी तीनच्या, जवळजवळ अडीच फुटी बासरीवर! तिच्या भोकांमधलं अंतर एवढं की नवख्याची बोटं ताणून दुखतात. त्यात एखादं भोक केसभर जरी उघडं राहिलं तरी सूर फुटतो.

मग घ्यायचं काय? मी म्हणेन पांढरी पाच, म्हणजे जी स्केलची मध्यम बासरी. फिजिक्सप्रेमींसाठी गणित: सहाही भोकं बंद केली की तिच्यातून मंद्र पंचम निघतो, साधारण २९४ हर्ट्झ. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अर्धी तरंगलांबी येते ५८ सेंटीमीटर. एंड करेक्शनमुळे फुंकायच्या भोकापासून टोकापर्यंतची नळी त्याहूनही थोडी आखूड असते. बोटं आरामात पोचतात आणि आवाजही कर्कश होत नाही.

घेताना मोबाईलवर ट्यूनर लावा. वरची तीन भोकं बंद करून येतो तो षड्ज, ३९२ हर्ट्झच्या आसपास. बोटं तशीच ठेवून फुंक नेमकी आणि जोरात केली की तार षड्ज, दुप्पट म्हणजे ७८४. हे दोन सा जुळत नसतील तर बासरी ठेवा आणि दुसरी मागा. स्वतःला वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्या सीनियरला सोबत न्या आणि एकच विचारा, "सूर ओढूनताणून जुळवावा लागतोय का?"

बासरीत फुंक लागायलाच काही दिवस जातात. तेवढा धीर नसेल तर प्लास्टिकचा रेकॉर्डर उत्तम. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांपैकी काहींना तो शाळेपासून ओळखीचा. फुंकलं की आवाज येतो, चांगल्या कंपनीचा असेल तर साच्यातून सुरातच निघतो आणि साबणाने धुता येतो. पण बासरीसारखी लांब मींड त्याच्यातून मागू नका. खिशात मावतो म्हणून माउथ ऑर्गन घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. दहा भोकांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्ये खालच्या सप्तकात म आणि ध सरळ मिळतच नाहीत. गाणं मध्येच अडलं तर दोष तुमचा नाही.

शेवटी जिमखान्याला आणि सरांना एक विनंती. गॅदरिंगसाठी आपण ड्रम आणि गिटार घेतोच. त्यासोबत पाच-सहा चांगले रेकॉर्डर आणि तपासून घेतलेल्या दोन मध्यम बासऱ्या कॉमन रूममध्ये ठेवल्या तर? रेकॉर्डर धुवून कुणीही वापरावा, बासरी एकेकाने महिनाभर न्यावी. जमलं तर स्वतःची घ्यावी, नाही जमलं तर परत करावी. खर्च फार नाही. पण विसाव्या वर्षी "मला सूरच नाही" असा शिक्का स्वतःवर मारून घेणारा माणूस पुन्हा कधी वाद्याला हात लावेल असं मला वाटत नाही. निदान तो शिक्का बांबूच्या चुकीमुळे तरी बसू नये!

आणि हो, रियाज गच्चीवर करा. रात्री दहानंतर मात्र रेक्टर सरांचा सूर सगळ्यांत वरचा असतो!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल