फोटो काढला, पण नोंद कुठे आहे?



आपल्या प्रत्येक वस्तीत फोटो काढणारा एक तरी दादा असतोच. नोकरी एस.टी.त, जिनिंगमध्ये नाही तर बांधकामावर. छंद मात्र कॅमेऱ्याचा. जयंतीची मिरवणूक असो, नामकरण असो की पुण्यानुमोदन, हा गडी हजर. पूर्वी अशा हौशी माणसाच्या हाती बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री असायचा. एका रोलवर १२ फोटो. पुढे ३५ मिलिमीटरचा कॅमेरा हाती आला, त्यात ३६. रोलचे पैसे वेगळे, धुण्याचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दोनदा विचार करी. आज मोबाईलवर एकाच मिरवणुकीचे पाचशे फोटो निघतात आणि दोन वर्षांनी मागितले तर त्यातले पाच सापडत नाहीत.

कुणी म्हणेल, हौसेची गोष्ट, तिचे एवढे काय? आम्हाला तसे वाटत नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून ती चित्रित केली, म्हणून तो जनसागर आज आपली नातवंडे डोळ्यांनी पाहू शकतात. आपल्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे कॅमेऱ्यात टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिकडे इतरांचे कॅमेरे वळत नव्हते तिकडे या दोघांनी कॅमेरा वळवला. वस्तीतला फोटोवाला दादा तेच काम लहान प्रमाणावर करीत असतो. म्हणून त्याच्यासाठी चार गोष्टी.

पहिली गोष्ट सामानाची. महागडा कॅमेरा हवाच असे नाही. बरा मोबाईल पुरतो. कुणी जुना डिजिटल कॅमेरा घेतलाच, तर लांबलचक झूमच्या मागे लागू नये. ५० मिलिमीटरची १.८ ची लेन्स स्वस्तात मिळते आणि विहारातल्या ट्यूबलाईटमध्येही फ्लॅशशिवाय काम देते. एक जादा बॅटरी, दोन कार्डे आणि एक सुती फडके जवळ असावे. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती ठेवावी.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या कार्यक्रमात पांढरी साडी, पांढरा सदरा जास्त आणि एप्रिलमधले अकोल्याचे ऊन तर विचारू नका. कॅमेरा त्या पांढऱ्याला भुलतो, सगळे चित्र गडद करतो आणि आपल्या माणसांचे चेहरे काळवंडून येतात. दोष चेहऱ्याचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात तर पाश्चात्त्य देशांतल्या लॅबमध्ये रंग जुळवायला कित्येक दशके गोऱ्या बाईचाच फोटो नमुना म्हणून वापरत. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याचा उजेड मोजतो. माणसांना उन्हातून सावलीत घ्या. आणि चेहरा आपोआप गोरा करणारी ती सोय बंद ठेवा. आपल्या आईचा रंग आहे तसाच सुंदर आहे.

तिसरी गोष्ट नजरेची. आमच्या पाहण्यात येणाऱ्या अल्बमांत निम्मे फोटो मंचावरच्या हारतुऱ्यांचे असतात. पाहुण्यांचा एक फोटो पुरे. बाकीचे मांडव घालणाऱ्या पोरांचे, भोजनदानासाठी पहाटेपासून राबणाऱ्या बायांचे, पहिल्यांदा माईक हातात घेणाऱ्या मुलीचे काढा. कार्यक्रमस्थळी पोचताच पहिला फोटो बॅनरचा घ्या. गाव, तारीख, निमित्त सारे त्यात आपसूक येते. बायामाणसांचे आणि लेकरांचे फोटो विचारल्याशिवाय चारचौघांत पाठवू नका.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे नोंद. आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्याला ठाऊक असते की आवक-जावक रजिस्टरात चढला नाही तो कागद हरवल्यासारखाच. फोटोचेही तसेच आहे. घरी आल्यावर त्याच रात्री हललेले, दुबार फोटो काढून टाका. पाचशेतले चाळीस ठेवले तरी पुष्कळ. प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा फोल्डर करा आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला: '२०२५-०४-१४ जयंती मिरवणूक'. म्हणजे ते आपोआप ओळीने लागतात. शेजारी एका वहीत फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहा.

मग प्रती. एक संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, भावाकडे किंवा इंटरनेटवर. गुगलवर फुकट जागा १५ जीबीच आहे आणि दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर ते काढून टाकले जाऊ शकते, हे ध्यानात असू द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आतली तारीखही गळून जाते. मूळ फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

आता तरुण मुलामुलींना एक काम. घरातली पत्र्याची पेटी उघडा. जुने फोटो सावलीच्या उजेडात ठेवून, मोबाईल सरळ वर धरून, फ्लॅश न लावता त्यांचा फोटो घ्या. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, फ्रेमसकटच टिपा. लॅमिनेशन करू नका. मागे नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनची शाई पुढे उमटते. आणि आजीजवळ बसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, "आजी, हे कोन व्हय?"

हे लांबणीवर टाकू नका. १९५६ साली नागपूरला आईबापांच्या बोटाला धरून गेलेले दहा वर्षांचे लेकरू आज ऐंशीच्या घरात आहे. ती माणसे गेली की फोटो पेटीत राहील, पण त्यातला माणूस कोण होता हे सांगणारे कुणी उरणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांची नावे कोणत्याही दप्तरात धड लिहिली गेली नाहीत. फोटोच्या मागची ती कोरी जागा भरणे तरी आपल्या हातात आहे. येत्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन बसा.