विमानतळाची रेल्वे आणि आपल्या दारातली वाट



नागपूरची मेट्रो रेल्वे बुटीबोरीपर्यंत येणार, म्हणून आपल्या समुद्रपूर तालुक्यात बरीच चर्चा चालू आहे. जामच्या चौरस्त्यावर, चहाच्या टपरीवर, विहारात वंदना आटोपल्यावर, कापूस वेचणाऱ्या बायांच्या घोळक्यात हा विषय निघतोच. मते निरनिराळी आहेत. ती ऐकून घ्यावी आणि यात आपल्या समाजाने काय भूमिका घ्यावी याचा विचार करावा, म्हणून या वेळचे सदर या विषयाला दिले आहे.

आधी हकीकत पाहू. नागपूर मेट्रोचा पहिला भाग ७ मार्च २०१९ रोजी सुरू झाला. सीताबर्डीहून खापरीकडे जाणाऱ्या या मार्गावर वर्धा रोडला विमानतळाच्या नावाची तीन स्थानके आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. हा टप्पा ४३.८ किलोमीटरचा असून खर्च ६,७०८ कोटी रुपये धरला आहे. कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगर या बाजूंचे फाटे त्यात आहेत. आपल्या कामाचा फाटा मिहान ते बुटीबोरी एम.आय.डी.सी. हा असून तो १८.६ किलोमीटरचा आहे. हा फाटा पुरा झाला की बुटीबोरीत गाडीत बसलेला माणूस विमानतळाच्या स्थानकावर उतरेल.

हा विमानतळ म्हणजे पूर्वीचा सोनेगाव विमानतळ. २००५ पासून त्याला आपल्या बाबासाहेबांचे नाव आहे. धम्मदीक्षेसाठी बाबासाहेब ११ ऑक्टोबर १९५६ रोजी दिल्लीहून विमानानेच नागपूरला आले होते. आणि लाखो माणसे आली ती पायी, बैलगाडीने, रेल्वेने, भाकरीचे गाठोडे घेऊन. त्या माणसांच्या नातवंडांना आज या विमानतळाच्या रेल्वेबद्दल काय वाटते?

म्हातारी मंडळी म्हणतात, "आमाले इमानात कोन बसवते बाप्पा? आमची एस.टी. टायमावर आली तरी लय झालं." तरुण मुले म्हणतात, रेल्वे आली की उद्योग वाढतील, आपल्याला काम मिळेल. कारखान्यात जाणाऱ्या मुली विचारतात, पाळी सुटल्यावर रात्री बुटीबोरीहून गावी कसे यायचे? आणि काही शहाणे म्हणतात, बुटीबोरी नागपूर जिल्ह्यात, आपण वर्धा जिल्ह्यात, आपला संबंध काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. समुद्रपूर गावाला आजही रेल्वे नाही. गाडी धरायची तर हिंगणघाट गाठावे लागते. जामहून नागपूरला जाणारा आपला रस्ता मात्र बुटीबोरीवरूनच जातो. म्हणजे नागपूरची कोणतीही गाडी आपल्या सर्वांत जवळ येणार ती बुटीबोरीलाच. जिल्ह्याची शिव कागदावर असते, पोटामागे जाणाऱ्या माणसाला ती दिसत नाही.

म्हाताऱ्या मंडळींचे म्हणणेही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण विमानतळाची रेल्वे ही फक्त विमानात बसणाऱ्यांची असते, हा समज बरोबर नाही. एका विमानामागे सामान चढवणारे, झाडपूस करणारे, पहारा देणारे, जेवण रांधणारे, गाड्या चालवणारे असे कितीतरी हात राबतात. चेन्नईत विमानतळाच्या समोरच तिरुसूलम नावाचे साध्या लोकल गाडीचे स्थानक आहे. पाहुणे विमानाने येतात आणि राबणारे लोकलने. दुसरे असे की या मार्गावर फक्त विमानतळ नाही. मिहानच्या परिसरातच एम्सचा मोठा दवाखाना आहे. २०२२ साली त्याच्या इमारतीचे उद्घाटन झाले. आपल्या घरातला आजारी माणूस तिथे न्यायचा तर आज किती ठिकाणी उतरावे-चढावे लागते, हे ज्याने नेले त्याला विचारा. पुढे याच मार्गावर रहाटे कॉलनीचे स्थानक आहे, तिथून दीक्षाभूमी दूर नाही. तेव्हा पोराचे काम, आईचा दवाखाना आणि घरादाराची दीक्षाभूमी, ही तिन्ही याच मार्गावर आहेत.

मग ही रेल्वे आली की आपले भले झालेच, असे समजायचे काय? नाही. इथे बाबासाहेबांचे जीवन आपल्याला वाट दाखवते. १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. रेल्वेने त्यांना मसूर स्थानकापर्यंत व्यवस्थित पोहोचवले. रेल्वेने तिकीट घेतले, जात विचारली नाही. अडचण आली ती स्थानकावर उतरल्यावर. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, बैल मुलांनीच हाकले आणि गाडीवान बाजूने पायी चालला. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होऊन चाळीसगावला उतरले, तेव्हाही टांगेवाल्यांनी नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा तर मिळवला, पण हाकणारा नवखा होता. टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांना दुखापत झाली. या दोन्ही हकीकती त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

यावरून काय घ्यायचे? रेल्वे स्थानकापर्यंत आणते. स्थानकापासून घरापर्यंतची वाट जर आपल्या हाती नसेल, तर त्या रेल्वेचा फायदा दुसरेच घेतात. पूर्वी ती वाट गाडीवानाच्या जातीने अडवली होती. आज ती पैशाने आणि वेळेने अडते. रात्रपाळी सुटली आणि जामकडे एस.टी. नसली, की कोणत्या तरी खाजगी गाडीवाल्याला तो म्हणेल तेवढे द्यायचे. रोजीचा मोठा हिस्सा तिथेच गेला, तर घरी काय आणायचे? म्हणून कारखान्यातल्या मुलींचा प्रश्न हाच या चर्चेतला खरा प्रश्न आहे असे मला वाटते.

तिकिटाचेही तसेच आहे. दिल्लीत विमानतळाची मेट्रो २०११ साली सुरू झाली. भाडे जबर होते, म्हणून गाड्या रिकाम्या धावत. २०१३ मध्ये खाजगी कंपनीने हात वर केले आणि दिल्ली मेट्रोने ती चालवायला घेतली. भाडे कमी केले तसे प्रवासी वाढले. म्हणजे गरिबाला परवडेल असे तिकीट ठेवणे हा काही उपकार नाही, त्यात रेल्वेचाही फायदा आहे. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. ही सवलत एस.टी.ची आहे. आपल्या माताभगिनी बुटीबोरीला एस.टी.तून उतरून मेट्रोत चढतील, तेव्हा हिशेब बदलेल. दोन्ही मिळून एकच पास आणि तोही मजुराला झेपेल असा, ही मागणी आतापासून करायला पाहिजे.

आता तरुणांच्या आशेबद्दल. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून राबतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला साधे हमालही करीत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावे लागते आणि तिथे त्याचा विटाळ होतो! आज तसे उघड कोणी म्हणणार नाही. पण काम ठेकेदाराकडे दिले की आरक्षण आपोआप बाजूला पडते. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य सरकारची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. तिच्या कायम नोकरभरतीत आरक्षण आहे, ठेकेदाराच्या झाडूवाल्याला आणि पहारेकऱ्याला ते नाही. म्हणून आपल्या मुलांनी फक्त फावडे-घमेले धरण्याची वाट पाहू नये. आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन, फिटर असे धंदे शिकून घ्यावेत आणि भरतीच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. ठेकेदाराकडे काम करणे भागच पडले तर हजेरी, पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा नंबर मागून घ्यावा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर काम देणारी मुख्य संस्था जबाबदार असते, हे ध्यानात ठेवावे.

हे सर्व टपरीवर बोलून होणार नाही. लोकमत म्हणतात ते तोंडातले मत नव्हे, नोंदवलेले मत. ज्याची मागणी कागदावर आहे त्याचेच मत साहेबांच्या टेबलावर पोहोचते. मोठे शेतकरी, कारखानदार, व्यापारी आपापली निवेदने देतात. आपण मात्र जयंतीला हजारोंनी जमतो आणि ग्रामसभेला चार जणही जात नाही. मग आपल्या गैरहजेरीत झालेल्या ठरावाला नावे ठेवतो. हे बदलले पाहिजे.

काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, असा आपल्या राज्यात नियम आहे. त्या सभेत बायांनीच ठराव मांडावा की, बुटीबोरीची मेट्रो सुरू होईल त्या दिवसापासून कारखान्याच्या पाळ्यांच्या वेळा धरून समुद्रपूर, जाम ते बुटीबोरी स्थानक एस.टी. चालवावी. स्थानकावर आणि बसथांब्यावर उजेड आणि बायांसाठी स्वच्छ संडास असावेत. ठरावाची एक प्रत हिंगणघाट आगाराला, एक तहसीलदारांना, एक आमदारांना आणि एक नागपूरला महामेट्रोच्या कार्यालयात द्यावी. समुद्रपूर गावातल्यांनी नगर पंचायतीला निवेदन द्यावे. प्रत्येक ठिकाणी शिक्क्याची पोच घ्यावी. पोच नसलेले निवेदन म्हणजे न दिलेले निवेदन. महिनाभरात हालचाल झाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. दहा रुपयांचा खर्च आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज लिहायला दहावी-बारावीला असलेल्या मुला-मुलींना बसवा. त्यांचाही अभ्यास होईल आणि आईबापांना आपली पोरगी कशासाठी शिकते आहे तेही दिसेल.

बाबासाहेबांचे नाव विमानतळाला मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण त्या नावाच्या स्थानकावरून रात्री दहाला सुटलेली कामगार मुलगी अर्ध्या भाड्यात, निर्धास्तपणे आपल्या गावी पोहोचली, तर त्या नावाचा मान आपण राखला असे म्हणता येईल. रुळ टाकायचे काम सरकार करील. आपल्या दारातली वाट मात्र आपल्यालाच मागून घ्यावी लागेल, आणि ती रुळ टाकले जात असतानाच मागावी लागेल.

येत्या ग्रामसभेला जाणार ना?

जयभीम! नमो बुद्धाय!