बळाचा बाजार

शरीर कमवावे ही इच्छा शहरातील तरुणांच्या मनात पुन्हा बळावली आहे, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु गल्लोगल्ली निघालेल्या जिममध्ये व्यायामाच्या जोडीला एक नवे कर्मकांडही या तरुणांच्या गळ्यात बांधले जात आहे. रंगीबेरंगी डब्यांतून विकल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांच्या भुकटीवाचून शरीर घडतच नाही, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली आहे. ही समजूत कितपत खरी आणि ती कोणाच्या फायद्याची, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. आपल्या शरीरातील प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. या नवांपैकी ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन एकत्र करून ‘बीसीएए’ या नावाने विकली जातात. ल्युसीन स्नायूंच्या बांधणीला चालना देते, हे खरे आहे, आणि विक्रेत्याचा सारा युक्तिवाद या एका सत्यावर उभा आहे. पण चालना म्हणजे बांधणी नव्हे. मुकादमाने हाक दिली तरी विटा आणि वाळू आल्यावाचून भिंत उभी राहत नाही. उरलेली सहा आम्ले अन्नातून मिळाली नाहीत, तर ती शरीरातीलच प्रथिने मोडून आणावी लागतात. आणि ती अन्नातून पुरेशी मिळत असतील, तर त्याच अन्नातून ल्युसीनही आलेले असते. मग डबा कशासाठी? अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुल्फ यांनी २०१७ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, केवळ या तीन आम्लांनी माणसाच्या स्नायूंची बांधणी वाढते या दाव्याला आधार नाही, असाच निष्कर्ष काढला.

आपल्या स्वयंपाकघराला हे गणित न शिकताच साधले होते. धान्यात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी. वरण-भातात किंवा भाकरी-पिठल्यात एकाची उणीव दुसरे भरून काढते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. कसून मेहनत करणाऱ्याला त्याच्या सुमारे दुपटीपर्यंत लागतील. ज्याला तेवढे अन्नातून घेणे जमत नाही, त्याने दुधाच्या निवळीपासून केलेली शुद्ध भुकटी वैद्यकीय सल्ल्याने घेतली, तर ते पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र याच संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असे स्पष्ट बजावले आहे.

परंतु डब्यावर लिहिलेले डब्यात असते, हे तरी खरे आहे काय? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-पूरके तपासण्यात आली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला, आणि १४ टक्के नमुन्यांत बुरशीजन्य विष आढळले. प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते. म्हणून ग्लायसीनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळून हा आकडा फुगवण्याची लबाडी सहज करता येते. अमिनो आम्ले ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक, असेही समजण्याचे कारण नाही. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या दूषित गोळ्यांनी दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि तीसहून अधिक दगावले.

कोणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याची मर्जी. इतरांनी त्यात का पडावे? पण मर्जी चालवायची तर माहिती खरी हवी. लेबल खोटे असेल आणि ज्याला गुरू मानावे तो व्यायाम-शिक्षकच त्या डब्यावर दलाली घेत असेल, तर विद्यार्थ्याची मर्जी उरते कोठे? १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव ज्या तालमीच्या परंपरेत घडले, तेथे वस्ताद पठ्ठ्याला खुराक सांगत असे. तो विकत नसे.

अन्नसुरक्षेचा कायदा २००६ पासून आहे, पूरकांविषयीचे नियमही आहेत. उणीव आहे ती अंमलबजावणीची. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जिममधून आणि दुकानांतून या डब्यांचे नमुने नियमितपणे घ्यावेत, आणि तपासणीचे निकाल उत्पादकांच्या नावांसह प्रसिद्ध करावेत. शिकवणाऱ्याने शिष्याला पूरके विकू नयेत, असा निर्बंध घालावा. मुलगा महिन्याला हजारो रुपये कशावर खर्च करतो, हे आईबापांनीही विचारावे. व्यायामाने कमावलेल्या बळाचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच त्या बळाच्या नावाने चाललेला हा व्यापार बिनचौकशी चालू राहावा, हे आम्हाला मान्य नाही.