नळाशी अडकलेला मुलगा

मेहरूणमधल्या आमच्या मशिदीत गेल्या रमजानला कॉलेजात जाणारा एक मुलगा वजू करत बसायचा. नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुणे म्हणजे वजू. दोन-तीन मिनिटांचे काम. त्याला वीस मिनिटे लागत. कोपर कोरडे राहिले असेल या शंकेने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जमात उभी राहायची, हा नळाशीच. वडीलधारे कौतुकाने म्हणत, "कितना परहेजगार लडका है!" मीही मान डोलावली होती.

तो आजारी होता. वहीत एक खाडाखोड झाली तरी पान फाडायचा. बारावीत 92 टक्के मिळाले तेव्हा घरात विचारणा झाली ती उरलेल्या 8 टक्क्यांची. (अशी घरे एकाच धर्माची नसतात, हे वाचकांना सांगायला नको.) ज्याला स्वतःची एक चूक सोसत नाही, त्याच्या तोंडून "मला जमत नाहीये" हे वाक्य निघणार कसे? शेवटी वडिलांनीच त्याला डॉक्टरकडे नेले, पण नाशिकला. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. मात्र तिथल्या रांगेत कोणी ओळखीचे भेटले तर? घरात लग्नाची मुलगी आहे.

खरे तर वजूत प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीनदा धुवावा, अशी शिकवण आहे. पुन्हा पुन्हा छळणाऱ्या अशा शंकेला आपल्याकडे 'वसवसा' म्हणतात, आणि सैतानाचे नाव घेऊन मोकळे होतात. पण 934 साली वारलेल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला, त्यात वसवशाचा विचार मनाच्या आजारांत केला आहे. हजार वर्षांपूर्वीचे हे शहाणपण आपण कुठे सांडले?

मधुमेही माणूस रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारतो आणि चारचौघांत सांगतोही. मनाच्या गोळ्या घेणारा मात्र कुणाला न विचारता त्या महिनाभर बंद करतो. लिथियमसारख्या औषधाचे रक्तातले प्रमाण तर दिवसभर पाणी न प्यायल्यानेही वाढू शकते. कुराणात सूरह बकराच्या 184 व्या आयतीत आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे; आजार शरीराचाच हवा, अशी अट तिथे नाही. ज्यांना दवाखान्याच्या पायरीचीच भीती वाटते, त्यांच्यासाठी 2022 पासून सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत लागतो.

हे लिहायला त्या मुलाने होकार दिला, नाव मात्र नको म्हणाला. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी तो यंदा इफ्तारनंतर घेतो. वजूला अजून सात-आठ मिनिटे लागतात.