गोळी खा, धडक घे?

धाराशिव म्हटलं की खो-खो. सारिका काळे इथल्याच. 2020 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. 2023च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धाही धाराशिवात रंगली. अशा जिल्ह्यात सप्लिमेंटचे डबे तालमीपर्यंत पोचणारच. त्यांच्यासोबत एक युक्तिवादही पोचतो: ओमेगा-3 घ्या, मग डोक्याला मार लागला तरी मेंदू शाबूत.

याला आधार अगदीच नाही असं नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकन कॉलेज फुटबॉलपटूंना हंगामभर डीएचए हे ओमेगा-3 दिलं. चेतातंतूंची इजा दाखवणारं एक प्रथिन त्यांच्या रक्तात कमी वाढलं. ठीक. पण रक्तातल्या एका आकड्यावरून डोकं वाचलं असं म्हणणं ही मखलाशी झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 सालीच बजावलं होतं की डोक्याच्या आघातावर सप्लिमेंट हा इलाज नाही. आपल्याकडेही डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. वाचतो कोण!

कबड्डीत बचावपटू मांडी धरायला वाकतो आणि चढाईपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसतो. डोकं गर्रकन वळतं. आत द्रवात तरंगणारा मेंदू मागे रेंगाळतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. त्या क्षणी कॅप्सूल काय करणार? जवसाची चटणी तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. जरूर खावी, पण जवसातल्या ओमेगा-3चं शरीरात डीएचए फारच थोडं होतं.

"घेतलं तर बिघडलं कुठं?" खिसा बिघडतो. डब्यात उत्तेजकाची भेसळ निघाली तर बंदी खेळाडूच भोगतो. आणि गोळीच्या भरवशावर पोरगं पुन्हा डोकं घालतं, हे सगळ्यांत वाईट.

मार लागलेल्याला बाहेर बसवणं हाच उपाय. कबड्डीत सात खेळतात, पाच राखीव असतात, ते कशासाठी? क्रिकेटने 2019 मध्ये अशा बदलीचा नियम केला. 2020 मध्ये कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, बदली आलेल्या चहलने तीन बळी घेतले आणि भारत जिंकला. म्हणजे बाहेर बसवल्याने सामना हातचा जातो, हेही खरं नाही. सरावातल्या धडकाही कमी करता येतात. कुस्तीत बदली नसते, तिथे कुस्ती थांबवण्याचं धैर्य वस्तादाला दाखवावं लागेल.

यात्रांच्या कुस्ती समित्यांनो, स्पर्धांच्या आयोजकांनो, इनामाच्या पत्रकावर एक ओळ वाढवा: डोक्याला मार लागून गरगरलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, निर्णय पंचांचा. आणि उलट्या थांबेनात, डोकेदुखी वाढली किंवा झटका आला, तर त्याला थेट रुग्णालयात न्या.