मंडळीचे बारसे

गेल्या रविवारी सायंकाळी आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे दार नेहमीच्या वेळी बंद झाल्यानंतर, वर्तमानपत्रे वाचावयाच्या तिरक्या मेजांभोवती चौदा माणसे बसली, आणि ज्या प्रश्नाचा निकाल वास्तविक चहाच्या एका पेल्यात लागावयास हवा होता, त्यावर त्यांनी पावणेतीन तास खर्ची घातले. गावातील दोन शिक्षक, पतपेढीतील एक कारकून, एस.टी.चा एक वाहक, एक शिंपी, अंगणवाडीच्या ताई, अशी ही मंडळी गेली सहा वर्षे बंद पडलेल्या एका तेलघाण्याच्या पत्र्याखाली तालमी करून गणेशोत्सवात नाटके करीत आली आहे. आजवर तिला नाव नव्हते व नावावाचून तिचे काही अडलेही नव्हते. मांडवातील ध्वनिक्षेपकावरून ‘आपल्याच गावातील कलाकार सादर करीत आहेत’ एवढे पुकारले की पडदा वर जात असे. परंतु आता तिला राज्य नाट्य स्पर्धेत उतरावयाचे आहे, स्पर्धेत उतरावयाचे तर संस्था नोंदलेली हवी, आणि नोंदणीच्या कागदावर पहिलाच रकाना नावाचा. अनेक वर्षे विंगेत पुस्तक धरून बसलेला एक म्हातारा म्हणून मला सल्ल्यासाठी बोलाविले होते. मत देण्याचा अधिकार नव्हता.

मूल जन्माला आले तर बारशाला आत्या असते. ती कानात कुर्र करते आणि वाद मिटतो. नाटक मंडळीला आत्या नसते, हीच मोठी अडचण. थोरल्या शिक्षकांनी शब्दकोश चाळून एका वहीत 41 नावे उतरवून आणली होती. त्यांतील 27 नावांचा प्रारंभ ‘रंग’ किंवा ‘नाट्य’ या अक्षरांनी होत होता, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना शेवटी ‘रंग’ चिकटविलेला होता. ‘रंग’ हा शब्द मोठ्या कुळातला, भरतमुनींच्या रंगपीठ-रंगशीर्षापासून चालत आलेला. कीर्तनकारांनी त्याचे पूर्वरंग-उत्तररंग केले, आणि 1960 साली विजया मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘रंगायन’ स्थापिले तेव्हा रामायण-उत्तरायणाच्या जोडीला बसणारा तो सामासिक शब्द ऐकताच काही नवे सुरू झाल्याची जाणीव होई. त्यानंतर मात्र या शब्दाचे इतके पीक आले आहे, की स्पर्धेच्या एखाद्या केंद्रावरील नाटकांची यादी वाचताना कोणती संस्था कोणत्या गावची याचा उलगडा होत नाही, आणि एखादा अनोळखी वाटसरू फलक वाचून आत येईल व डिस्टेंपरचा भाव विचारील अशी धास्ती वाटते. मी हे बोलून दाखविले. पतपेढीवाले हसले, शिक्षक हसले नाहीत.

आपल्या जुन्या मंडळींनी या बाबतीत शब्दकोशाला फारसा त्रास दिला नव्हता. 1842 च्या सुमारास कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून अधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करावयास सांगितले, 1843 साली ‘सीता स्वयंवरा’चा प्रयोग झाला, आणि संस्थानाचा आश्रय सुटल्यावर ती माणसे गावोगाव निघाली तेव्हा लोकांनी त्यांना सांगलीकर म्हटले, दुसरे काय म्हणणार? त्यांच्यामागून इचलकरंजीकर आले, कोल्हापूरकर आले, हातकणंगल्याजवळच्या अळते गावचे अळतेकर आले. प्रत्येकाच्या पुढे ‘नाटक मंडळी’ हे दोन शब्द. यातला ‘मंडळी’ हा शब्द मला विशेष प्रिय आहे, कारण तो सभेलाही चालतो, पंगतीलाही चालतो, आणि आमच्या वडिलांच्या पिढीत तर ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हटले म्हणजे फक्त पत्नीच गेली आहे असे समजावयाचे असे. या नावांत कल्पकता नव्हती हे खरे. पण त्यांत पत्ता होता. नाटक पडले, पैसे वाया गेले, नटाने दारू पिऊन गोंधळ घातला, तर तक्रार कोणत्या गावी न्यावयाची हे प्रेक्षकाला ठाऊक असे, आणि नावातच गाव गुंतलेले असल्यामुळे त्या गावची अब्रूही थोडीबहुत तारण पडलेली असे.

ही रीत लुप्त झाली असे नागर लोकांस वाटते, ते चुकीचे आहे. सिंधुदुर्गात रात्रभर चालणाऱ्या दशावताराची मंडळे आजही मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, पार्सेकर अशाच नावांनी ओळखली जातात, आणि ज्याने गावाचे नाव घेतले नाही त्याने गावच्या देवाचे घेतले: नेरूरचा कलेश्वर एका मंडळाला लाभला, आणि मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ गाजविणाऱ्या आपल्या व्यावसायिक संस्थेला आपल्या रेवंडी गावच्या भद्रकालीचे नाव दिले. तमाशाच्या फडांनी तर याहूनही पुढे जाऊन एक अशी तजवीज केली आहे, की तिचे कौतुक कोणा वकिलाने केल्याचे मी ऐकले नाही. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावात कलावतीचे, बापाचे, जातीचे आणि गावाचे, सारेच उघड सांगून टाकलेले आहे. लपविण्यासारखे काही नाही असे ते नाव सांगते. आणि ‘रघुवीर खेडकरसह कांताबाई सातारकर’ यातील ‘सह’ हे दोन अक्षरांचे अव्यय म्हणजे फलकावर रंगविलेला भागीदारीचा दस्तऐवजच होय.

त्या ‘सह’ची किंमत कळावी म्हणून गंधर्व नाटक मंडळीकडे पाहावे. 1913 साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून ती निघाली तेव्हा बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघे भागीदार होते, पण फलकावर नाव एकाचेच लागले. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले, आणि नावाला त्याची काही तोशीस पडली नाही. लोक गंधर्वांना ऐकावयास येत होते, तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. व्यक्तीचे नाव घेतले की मंडळी त्या व्यक्तीबरोबर संपते असे म्हणावे, तर अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 सालीच निवर्तले, म्हणजे 1880 च्या ‘शाकुंतला’नंतर त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली, आणि त्यांच्या नावाची मंडळी मात्र त्यांच्या पश्चात कितीतरी काळ भाऊराव कोल्हटकरांच्या व पुढे बालगंधर्वांच्या गळ्यावर चालली. तेव्हा याबाबत नियम असा सांगता येत नाही. परंतु चौदा हौशी माणसांच्या मंडळीने एकाचे नाव लावले तर उरलेले तेरा पहिल्या वर्षीच रुसतील, याविषयी मला संदेह नाही.

शिक्षकांना ध्येयवाचक नाव हवे होते, आणि तेही एका थोर परंपरेतच बोलत होते. आर्योद्धारक, स्वदेशहितचिंतक, महाराष्ट्र नाटक मंडळी: ही नावे उच्चारली की नाटकगृहाऐवजी एखाद्या सभेच्या व्यासपीठापुढे बसल्यासारखे वाटते. त्यांपैकी शेवटच्या मंडळीने ते नाव वाया घालविले नाही. तिने रंगभूमीवर आणलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 साली सरकारने बंदीचा हुकूम काढला, यापेक्षा मोठी सनद त्या नावाला कोणती मिळावयाची! स्वदेशहितचिंतक मंडळीत बालनट म्हणून वाढलेले केशवराव भोसले तिच्यातून निघाले आणि 1908 च्या पहिल्या दिवशी हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ उभी केली. सात अक्षरे, त्यांत एक आदर्श दडलेला, आणि तोंडात नीट न बसणारा हा समास. आज कोणी माझ्याकडे घेऊन आला असता तर मी तो खचित परत पाठविला असता. केशवराव 1921 साली गेले, मंडळी बापूराव पेंढारकरांकडे आली, त्यांच्याकडून भालचंद्र पेंढारकरांकडे, आणि ते नाव शंभर वर्षे टिकले. माझ्या सल्ल्याचे मोल किती, हे वाचकांनी यावरून ठरवावे.

याच्या उलट 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ घेऊन आलेले नाट्यमन्वंतर. मन्वंतर म्हणजे पुराणांच्या हिशेबाने 71 महायुगे, अर्थात 30 कोटी 67 लक्ष 20 हजार वर्षे. संस्था मात्र थोड्याच वर्षांत मिटली. तिने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडून करविल्या, रंगमंचावर खऱ्या घराची खोली उभी केली, आणि आजही तिचे नाव अभ्यासक आदराने घेतात. तरीही त्या आकड्याकडे पाहून मला हसू येते ते येतेच. पुणेकरांनी पुढे ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ असे भारदस्त इंग्रजी नाव घेतले, पण ते उच्चारण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत. गावाने त्याचे पीडीए केले. ‘घाशीराम कोतवाल’वरून तेथे फूट पडून 1973 साली निघालेली संस्था ‘थिएटर अकॅडमी’ झाली, म्हणजे भांडण झाले तरी इंग्रजी सुटले नाही. अलीकडे याच पुण्यात काही तरुणांनी आपल्या संस्थेचे नाव नुसते ‘नाटक कंपनी’ ठेवले आहे. या साऱ्या पसाऱ्यात मला तेच सर्वांत चतुर वाटते. पण ते एकदाच ठेवता येते.

एवढे सांगून झाल्यावर मी माझी सूचना मांडली: गावाचे नाव घ्यावे, त्याला ‘कर’ लावावा, पुढे ‘नाटक मंडळी’ लिहावे आणि उठावे. धाकटे शिक्षक म्हणाले, “काका, स्पर्धेत पडलो तर गावाची अब्रू जाईल.” मी म्हटले, त्याचसाठी लावावयाचे, तालमीला उशिरा येणाऱ्यांना तेवढा तरी धाक राहील. शिंप्यांनी निराळाच मुद्दा काढला, की आपल्यातले चौघे पलीकडच्या वाडीचे आहेत, त्यांनी कोणते ‘कर’ व्हावे? मग बराच वेळ गप्प असलेल्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “काका, मी लग्न होऊन इथे आले. माहेरचा ‘कर’ सोडला, सासरचा ‘कर’ लागला, आता नाटकातही आणखी एक ‘कर’ लावून घेऊ का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अद्यापही नाही. सांगलीकर मंडळीत स्त्रिया नव्हत्या. तिथे हा प्रश्न उद्भवलाच नसता.

यानंतर कारकुनांनी कायद्याचा भाग समजावून दिला, आणि एक तेवढाच भाग कंटाळा न येता ऐकण्यासारखा होता, कारण त्यांनी सारे कागद आधीच जमविले होते. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात माणसे लागतात, ती आहेत. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नोंद व्हावी लागते, ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते. त्याच नावाची, किंवा भ्रम पडावा इतक्या सारख्या नावाची संस्था आधी नोंदलेली असली तर दरखास्त परत येते. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, की नावात ‘बहुउद्देशीय’ हा शब्द घातला तर पुढे बरे पडते. उद्या वाचनालय काढावयाचे झाले, शिवणवर्ग काढावयाचा झाला, तर घटना बदलावी लागत नाही. स्पर्धेच्या याद्या पाहिलेल्यांना हा शब्द परिचित आहे. ‘अमुक बहुउद्देशीय शिक्षण प्रसारक व क्रीडा मंडळ सादर करीत आहे’ असे पुकारून झाल्यावर तिसरी घंटा होते आणि अंधारात एक राजा स्वगत सुरू करतो, हा अनुभव मी विंगेतून अनेकदा घेतला आहे, आणि प्रत्येक वेळी तो राजा मला थोडा दबकून बोलल्यासारखा वाटला आहे. नाटक हा एकच उद्देश पुरेसा नाही, असे आपणच कागदावर लिहून द्यावे याचे मला वाईट वाटते. कारकुनांची चूक नाही. त्यांनी कार्यालयाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, मी नाही.

शेवटी हात वर करून मते घेतली. नऊ विरुद्ध पाच अशा बहुमताने थोरल्या शिक्षकांच्या वहीतील एक पाच अक्षरी नाव मंजूर झाले. त्याचा प्रारंभ ‘रंग’ने होतो. ते येथे देत नाही, कारण जिल्ह्याहून ते मिळते की परत येते हे अजून ठरावयाचे आहे, आणि मिळाले नाही तर वहीत त्याच धाटणीची आणखी 26 आहेतच. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा अशी मी विनंती केली. मत नसलेल्याचा विरोध नोंदविता येत नाही, असे मला सांगण्यात आले.

आम्ही कुलूप लावून बाहेर पडत होतो तेव्हा समोरच्या हॉटेलचा पोऱ्या उधारीची लांबट वही घेऊन सहीसाठी आला. त्यात त्या दिवसाच्या तारखेपुढे मालकाच्या हाताने लिहिले होते: ‘घाण्यावरची मंडळी, चहा 28, भजी 6 प्लेट.’ थोरल्या शिक्षकांनी चष्मा लावून आकडा ताडून पाहिला आणि खाली सही केली.

— प्रॉम्प्टर