मोडून रचणे

डेन्मार्कमधील बिलुंड गावी ओले कर्क ख्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. त्याच कारखान्याने पुढे ‘लेगो’च्या विटा बनविल्या आणि १९७७ साली दातेरी चाके व आस जोडून चालती वाहने रचण्याचे संच काढले. हे संच जुळविणाऱ्यांत एक वाद नेहमी होतो : गाडी पुस्तिकेबरहुकूम रचावी, की स्वतःच्या बुद्धीने?

पुस्तिकेप्रमाणे रचलेली गाडी सुबक होते. हातालाही वळण लागते. परंतु तीच गाडी चढावर अडली, तर पुस्तिका मुकी राहते. ८ दात्यांच्या चाकाने २४ दात्यांचे चाक फिरविले, तर वेग एकतृतीयांश होतो. पण घर्षणात थोडा खर्ची पडूनही जोर जवळजवळ तिप्पट होतो आणि गाडी चढ चढते. हे मर्म चाके बदलून पाहणाऱ्यालाच उमगते.

कोणी म्हणेल, मोडणे म्हणजे नासधूस. परंतु या विटा मोडत नाहीत, केवळ सुटतात. म्हणून पुस्तिकेला प्रथम गुरू मानावे आणि मग तिचे बोट सोडावे. दहादा अडलेली गाडी अकराव्यांदा चालते, तेव्हा रचणाऱ्यास खेळण्याबरोबर यंत्रविद्येचाही लाभ होतो.